दमणचा ‘प्रायव्हेट बीच’ आणि पंधरा हजारांचा डे पास

बडोद्याहून सकाळी निघून रात्री घरी यायचं आणि मध्ये समुद्र बघायचा म्हटलं की बहुतेकांना दमणच सुचतं. पहाटेची गाडी, वापीला उतरायचं, तिथून रिक्षाने साधारण बारा किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत आणि उत्तरायणाच्या आसपास ‘बीच क्लब, डे पास’ अशा जाहिराती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये म्हणूनच फिरायला लागतात. त्यातल्या एका पासाचं काय झालं ते बिलातल्या आकड्यांसकट इथे मांडलं आहे. क्लबचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण हीच पद्धत दुसऱ्या नावाच्या पाटीखालीही चालते, आणि लोकांनी ओळखायची आहे ती पद्धत.

बडोद्याच्या राजमहाल रोडकडची तीन कुटुंबं होती, नऊ मोठी माणसं आणि तीन मुलं. जाहिरातीत होतं: खासगी किनारा, पोहायचा तलाव, मोठ्यांना १,५०० रुपये, मुलांना ७५०, ‘फुल्ली रिडीमेबल’, म्हणजे भरलेले सगळे पैसे खाण्यापिण्यात वळते होणार. एजंट फोनवर म्हणाला, “काका, एमां बधुं आवी गयुं.” त्यात सगळं आलं. एकूण १५,७५० रुपये झाले. निम्मे ठरवतानाच घेतले, उरलेले निघण्याच्या आदल्या रात्री “आत्ता नाही भरलेत तर पास रद्द” असं सांगून मागितले. पावती म्हणून एक रंगीत चित्र आलं. त्यावर तारीख होती, माणसं किती ते होतं, आणि पासात काय काय मिळणार याबद्दल एक अक्षर नव्हतं. ‘फुल्ली’ हा शब्द फक्त जाहिरातीतच राहिला होता.

खासगी किनाऱ्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठं खोटं तेच आहे. बीच क्लबची खासगी जागा म्हणजे त्याच्या कुंपणाच्या आतली: तलाव, लाकडी डेक, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, बार, स्वयंपाकघर. तिथे कुणाला घ्यायचं आणि किती पैसे घ्यायचे हे क्लब ठरवू शकतो. कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की चित्र बदलतं. भरतीचं पाणी जिथवर येतं आणि ओहोटीला जिथवर मागे जातं, त्यामधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत ‘सीआरझेड-१ ब’ म्हणून येतो. २०११ ची अधिसूचना असो की २०१९ ची, त्या पट्ट्यावर कोणा हॉटेलची मालकी चालत नाही. खासगी जागेला कुंपण घातलं तरी त्याने लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडता कामा नये, आणि शेजारच्या दोन रिसॉर्टच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची वाट मोकळी सोडावी, असं किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठीच्या अटींतच लिहिलेलं आहे. दमणच्या देवका किनाऱ्यावर तर हॉटेलं आणि पाणी यांच्यामध्ये ५.४५ किलोमीटरचा सार्वजनिक किनारामार्ग आहे. त्याचं उद्घाटन एप्रिल २०२३ मध्ये झालं. रस्ता ओलांडून ज्या किनाऱ्यावर जायचं, तो कोणा क्लबचा खासगी किनारा असेलच कसा?

तरी विक्री होते, आणि ती अशी. वाळूवर पाणी समोर दिसेल अशा चार खुर्च्या आणि एक छत्री मांडलेली असते. फाटकात सांगतात, पासात मागची रांग आहे, पुढच्या रांगेचे ३,००० वेगळे. मुलं पाण्याकडे धावलेली असतात, आजींना सावली हवी असते, त्यामुळे पैसे दिले जातात. या गटाने दिलेच. वर आणखी, घरून नेलेली सतरंजी खुर्च्यांच्या बाजूला पसरल्यावर पहारेकरी आला आणि “इथे बसायचं नाही, क्लबची जागा आहे” म्हणून त्याने उठवलं. खुर्ची आणि छत्री ही क्लबची वस्तू, तिचं भाडं मागायचा त्याला हक्क आहे. वाळूवरून उठवायचा हक्क त्याला नाही. अशा वेळी आवाज चढवू नये; “वाळूवर बसायला मनाई करणारा लेखी आदेश दाखवा” एवढंच म्हणावं. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

आता पाणी. जाहिरातीतल्या फोटोत लाटा खुर्चीच्या पायांना लागत होत्या. गट पोचला तेव्हा पाणी खूप मागे गेलेलं होतं आणि मध्ये काळसर चिखल, त्यातून वर आलेले खडक. फोटो खोटा नव्हता, भरतीच्या वेळचा होता. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीतलं अंतर मोठं असतं, आणि देवक्याचा किनारा खडकाळ आहे. दमणचाच दुसरा किनारा जांपोर, तो त्यामानाने वाळूचा, सुरूच्या झाडांचा. कोकणात आपल्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला आणि ओहोटी ऐन दुपारी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबई-कोकणचा. दमण उत्तरेला, तिथे भरती आणखी उशिरा येते. त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी, पण तारीख ठरवायला घरातलं पंचांगही पुरतं. हा गट अष्टमीच्या आसपास, अकरा ते पाचच्या पासावर गेला होता. त्या वेळात चिखलच दिसणार होता, आणि एजंटला ते माहीत असणारच. ओहोटी सुरू झाल्यावर पाणी जोरात ओढतं हेही लक्षात ठेवावं. मुलांना पाण्यामागे चालत जाऊ देऊ नये.

मग जेवण, आणि ‘रिडीमेबल’ची खरी ओळख. आपल्या भाषेत ‘वळते होणारे पैसे’. पासाचे १,५०० भरले, तर तेवढ्याचं खाणं-पिणं मिळालं पाहिजे. फाटकात हातात आलेल्या कूपनावर १,००० छापलेले होते, ५०० ‘एन्ट्री’चे. मुलांचे ७५० पूर्ण एन्ट्रीतच गेले. म्हणजे १५,७५० पैकी वळते होणार होते ९,०००. त्यालाही अटी: दुपारी तीनपर्यंतच, ठरावीक यादीतल्या पदार्थांवरच, आणि सगळ्यांचं मिळून एकच बिल, उरलेली रक्कम बुडीत. पाण्याच्या बाटल्या, मासे आणि मद्य यादीत नव्हते. तीन वाजेपर्यंत या लोकांचे ६,२०० वळते झाले. २,८०० रुपये तिथेच गेले.

कूपनाबाहेरचं बिल असं आलं: दोन पापलेट, वजन १,१०० ग्रॅम, १०० ग्रॅमला २८० प्रमाणे ३,०८०. पाण्याच्या दहा बाटल्या ८००. मद्य २,४००. बेरीज ६,२८०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ६२८. मग सगळ्यावर ५ टक्के जीएसटी ३४५.४०. एकूण ७,२५३.४०.

यात चुकीचं काय, ते एकेक बघू. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात धरू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती कायम ठेवली. “काढून द्या” म्हटलं की काढावाच लागतो. तो न काढता त्याच्यावर जीएसटी लावला, हे त्याहून वाईट. पिण्याचं मद्य जीएसटीत येतच नाही. त्यावर व्हॅट असेल तर तो बिलात वेगळा दिसला पाहिजे. या बिलात जीएसटी फक्त मासे आणि पाणी यांच्या ३,८८० वर लागायला हवा होता, म्हणजे १९४ रुपये. खरं बिल ६,४७४ चं. ७७९.४० रुपये जास्त घेतले, आणि बारा जण दमलेले असताना कोणी बेरीज तपासली नाही.

बाटलीवर २० रुपये छापलेले असताना ८० घेतले, याचा राग येणं साहजिक आहे. पण तिथे भांडण्यात अर्थ नाही. बसून पिण्याची सोय देणाऱ्या हॉटेलांनी छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. पाणी सोबत न्यावं आणि आत न्यायला परवानगी आहे का हे आधीच विचारावं.

माशाचं मात्र विचारायलाच हवं. यादीत किंमत न लिहिता ‘आकाराप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: दर शंभर ग्रॅमचा की नगाचा, वजन कच्च्या अख्ख्या माशाचं की साफ केल्यावरचं, आणि वजनकाटा आपल्यासमोर लावणार का. कल्ले, आतडी, शेपटी निघाल्यावर ताटातला मासा बराच हलका होतो, त्यामुळे नंतर वजनावरून वाद घालता येत नाही. कोळंबीला सालीसकट की सोललेली, हेही विचारावं.

बिलाच्या डोक्यावरचा जीएसटी नंबर बघायची सवय लावावी. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. गुजरातचे २४, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे २६. दमणच्या टेबलावर नंबरच नसलेलं बिल आलं तर तो मागावा, आणि २४ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो जीएसटीच्या पोर्टलवर शोधावा. तिथे धंद्याचं नोंदलेलं नाव दिसतं.

तलावाचं थोडक्यात. नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो, साडी-सलवार घालून उतरू देत नाहीत, आणि हे जाहिरातीत नसतं. मग दारातच भाड्याचा पोशाख, लॉकर, टॉवेल यांचे पैसे सुरू होतात. टॉवेलची अनामत रोखीत घेतात, पावती देत नाहीत. पोशाख घरून न्यावा आणि अनामतीच्या नोंदवहीचा फोटो काढून ठेवावा.

परतीच्या आधी एजंट हळूच सांगतो, “बाटल्या न्यायच्या तर परमिट करून देतो.” दमणमध्ये घेतलेली दारू गुजरातेत आणायचं असं कोणतंही परमिट तो देऊ शकत नाही. हद्दीवर तपासणी होते आणि तिथे तुमच्याशेजारी एजंट उभा नसतो.

वर जे सांगितलं त्यात क्लब खरा होता. दुसऱ्या प्रकारात क्लब खरा पण नंबर खोटा असतो: ऑनलाइन नकाशावरच्या क्लबच्या नोंदीत कोणीतरी आपला मोबाइल नंबर टाकून ठेवतो. ओळखायच्या खुणा आहेत. यूपीआयवर पैसे पाठवताना धंद्याचं नाव न दिसता एखाद्या माणसाचं नाव दिसतं. पैसे गेल्यावर “सिस्टीममध्ये एन्ट्री होत नाही, तेवढेच पुन्हा पाठवा, आधीचे परत येतील” असा फोन येतो. मग परतफेडीसाठी क्यूआर येतो. पैसे मिळायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

पैसे देण्याआधी एजंटला व्हॉट्सॲपवर हे लिहून विचारावं: “पास किती, त्यातले किती वळते, कशावर नाही, किती वाजेपर्यंत? मुलांचे वळते का? खुर्च्या कुंपणाच्या आत की वाळूवर? सर्व्हिस चार्ज आहे का? रद्द केलं तर किती परत?” उत्तर लेखी आलं पाहिजे. फोन करून “बधुं आवी गयुं” म्हणाला तर ते उत्तर धरू नये.

फसवणूक ऑनलाइन झाली असेल तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवावा. क्लबने जास्तीचं बिल लावलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि त्यासाठी दमणला खेटे घालावे लागत नाहीत: २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे बडोद्यातच, तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र क्लबचं बिल थर्मल कागदावर असतं, पाकिटात ठेवलं की काही महिन्यांत अक्षरं उडतात. टेबलावरून उठण्याआधीच त्याचा फोटो काढावा.