लोशन बार: नोव्हेंबर ते जुलै, बेळगावच्या हवेत

घरी लोशन बार करायला लागून आता नववा महिना. साबणाच्या वडीसारखी वडी. हातात धरून अंगावर फिरवायची, अंगाच्या उबेनं वरचा थर सुटतो आणि तेवढाच लागतो. साहित्य तीनच: मधमाशीचं मेण, बटर (लोणी नव्हे, बियांतून निघणारी घट्ट चरबी) आणि तेल. जो तो सांगतो ते प्रमाण म्हणजे वजनानं तिन्ही समसमान. मीही नोव्हेंबरात तसंच केलं आणि तिथंच फसले.

बेळगावची डिसेंबरातली पहाट ज्यांनी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. वडीचा दगड झाला. मेण वितळायला 62-64 अंश लागतात. ते तिसरा हिस्सा घातल्यावर थंडीत दुसरं काय होणार? टाचेवर फिरवली की नुसती ओढ बसायची, लागायचं काहीच नाही. सासूबाई बघत होत्या. "काय घासालीस गं ते मेणबत्तीगत?" म्हणाल्या आणि आतून डबा घेऊन आल्या. डब्यात भिरंडेलाचा गोळा. कोकमाच्या बियांचं तेल, मुठेलही म्हणतात. त्यांचं माहेर जांबोटीकडचं, तिथं ही नवलाई नाही. गोळा चुलीजवळ जरा मऊ करायचा आणि भेगांत दाबून भरायचा. मी मात्र आफ्रिकेतल्या झाडाचं शिया बटर घरबसल्या मागवून बसले होते.

त्या शियानं वर आणखी एक रंग दाखवला. वितळवलेलं मिश्रण ओट्यावर सावकाश निवू दिलं, तर वडीत कण झाले, हाताला रव्यासारखे लागणारे. रवाळ तूप चांगलं, रवाळ बार नव्हे. पुन्हा वितळवून साचा लगेच वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तेव्हा गुळगुळीत झाली. पुढं शिया सोडलंच आणि सासूबाईंच्या भिरंडेलावर, म्हणजे कोकम बटरवर आले. ते 38-40 अंशांच्या आसपास वितळतं, मुळातच घट्ट. त्यामुळं मेण कमी करता येतं.

थंडीचं माझं प्रमाण 100 ग्रॅमला असं: मेण 20, कोकम बटर 30, तिळाचं तेल 50. खोबरेल थंडीत नको, 24 अंशांखाली ते स्वतःच थिजतं. मार्चपासून मेण 35, कोकम 30, खोबरेल 35. हे बदलायला मी आळस केला त्याची किंमत मोजली. एप्रिलात कोल्हापूरला निघाले, थंडीतलीच वडी पर्समध्ये, एसटीत खिडकीशी ऊन. निपाणी यायच्या आत पर्सला आतून तेलाचा लेप आणि मांडीवरच्या साडीला डाग. बाकीच्या प्रवासात पर्स मांडीवरून उतरवली नाही, डाग दिसू नये म्हणून.

करायला अर्धा तास पुरतो. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलचं भांडं, आधी मेण, ते विरघळलं की बटर, शेवटी तेल. साच्याला मी पेढ्याचा सिलिकॉन साचा वापरते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मात्र हवाच, चमच्यानं मोजून दर वेळी वेगळीच वडी होते. भांडं गरम असतानाच वर्तमानपत्रानं पुसून घ्या. मी पहिल्यांदा गरम पाण्यानं धुतलं. मेण पाइपात जाऊन गोठलं आणि प्लंबरनं येऊन, "वहिनी, ह्यात काय ओतलंत?" असं विचारलं. काय सांगणार!

आता उपयोगाचं. टाचा, कोपरं, भांडी घासून खरखरीत झालेली बोटं यांना याच्याइतकं काही मानवलेलं नाही. पण कोरड्या कातडीवर फिरवाल तर निराश व्हाल. यात पाणी अजिबात नाही, हे फक्त असलेला ओलावा आत कोंडतं. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच लावा. रात्री टाचेला लावून मोजे. चेहऱ्याला मी लावून बघितलं, चौथ्या दिवशी हनुवटीवर पुटकुळ्या; परत नाही. लावल्यावर दहा मिनिटं हात तेलकट राहतात. पाय तर फरशीवर ठेवूच नका, घसराल.

पाणी नसल्यामुळं प्रिझर्वेटिव्ह लागत नाही. तेल खवट होऊ नये म्हणून व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूलमधले चार थेंब घालते. पण मोरीत ठेवाल तर ओल धरणारच, जूनपासून इथं काय पाऊस असतो माहीत आहे. म्हणून वडी कपाटात, झाकणाच्या डबीत. 25 ग्रॅमची एक वडी मला एकटीला महिनाभर सहज जाते.

नोव्हेंबरातल्या त्या दगडी वड्या दोन अजून शिल्लक आहेत. सासऱ्यांच्या सागवानी कपाटाचा खालचा खण पावसाळ्यात फुगून अडकतो. त्याच्या कडांना घासल्या, आता एका बोटानं उघडतो.