फायर टीव्ही स्टिक: जुन्या टीव्हीला नवी सवय

जुना एलईडी टीव्ही चांगला चालतोय, एचडीएमआय पोर्ट आहे, तर नवा स्मार्ट टीव्ही घ्यायची घाई नको. त्या पोर्टात लावून इंटरनेटवरची ॲप टीव्हीवर दाखवणारी ॲमेझॉनची छोटी फायर टीव्ही स्टिक, तीही फुल एचडी, पुरेशी आहे. मात्र तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तिथून बहुधा अर्धाच अँपिअर मिळतो आणि मालिका ऐन रंगात असताना स्टिक रीस्टार्ट होते. सोबतचा ५ वॅटचा अडॅप्टरच लावा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर डब्यातला एचडीएमआय एक्स्टेंडर (छोटी जोडवायर) वापरा, वायफायची पकडही सुधारते.

खरी अडचण ८ जीबी स्टोरेजची. दहा-बारा ॲप टाकली की रिमोट दाबून वाट बघत बसायचं. सेटिंग्ज, ॲप्लिकेशन्स, मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स इथे जाऊन एकेका ॲपची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा. स्क्रीन गोठलीच तर सिलेक्ट आणि प्ले-पॉज ही बटणं पाचेक सेकंद एकत्र दाबून धरा.

मोबाइल हॉटस्पॉटवर एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा उडतो, तेव्हा ब्रॉडबँड हवाच. रिमोटवर आकडे नाहीत. चॅनलचे नंबर पाठ असलेल्या आजी-आजोबांसाठी केबल इतक्यात तोडू नका.