पोटगीच्या रकमेवर डोळा ठेवून बसलेला ‘आर्थिक सल्लागार’

माझे 6,36,500 रुपये गेले आहेत. दामदुपटीच्या लोभाने मी ते कुणाला दिले, असे गावात बोलले जाते. म्हणून आधीच सांगते की ही रक्कम घटस्फोटाच्या काळात घेतलेल्या ‘आर्थिक मार्गदर्शना’त गेली. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी, न्यायालयाच्या आवारात टंकलेखकांच्या शेजारी हा गृहस्थ गुंतवणूक सल्लागार म्हणून बसतो. कोणत्या बाईला किती पोटगी मिळणार आहे हे त्याला कसे कळते, याचे उत्तर त्या शेजारातच आहे. माझा अर्ज ज्याने टंकलिखित केला, त्यानेच ‘हे भाऊ विश्वासाचे आहेत’ असे सांगितले होते. अशा लोकांची एकूण रीत सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे मला कोणती भीती घातली गेली तेवढेच लिहिते.

आमचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली, परस्पर संमतीने झाला. एकरकमी पोटगी 8,00,000 रुपये ठरली. त्यातील निम्मी अर्ज दाखल करताना आणि निम्मी सहा महिन्यांनंतर अंतिम हुकुमाच्या वेळी मिळायची होती. पहिले 4,00,000 रुपये खात्यात जमा झाले, त्याच आठवड्यात सल्लागार म्हणाला, “ताई, पासबुकात एवढी रक्कम दिसली की समोरचा पक्ष दुसऱ्या हप्त्याला अडून बसेल आणि मुलीच्या खर्चातही कपात मागेल.” पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवून दिले आहे, आणि या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने त्याने आपली खोटी गोष्ट खपवली. तडजोडीच्या अटींत रक्कम आकड्यात लिहिलेली होती, त्यावर दोघांच्या सह्या होत्या. पासबुकात पैसे दिसले म्हणून तो आकडा आपोआप कमी होत नसतो. हे मला वकिलाला एका वाक्यात विचारता आले असते, पण तो वकील तारखेखेरीज भेटत नसे आणि सल्लागार मात्र रोज समोर हजर असे.

‘या रकमेवर तीस टक्के आयकर कापला जाईल’ असे सांगून ‘कर व्यवस्थापना’चे 18,000 रुपये त्याने रोख घेतले. एकरकमी पोटगी ही भांडवली जमा आहे, उत्पन्न नव्हे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निर्णय असल्याचे मला पुढे एका सनदी लेखापालाने फुकट सांगितले. पावती मागितली तेव्हा सल्लागार हसला होता.

उरलेल्या रकमेपैकी 3,00,000 रुपयांची त्याने ‘मुदत ठेव’ करून दिली. प्रत्यक्षात ती विमा पॉलिसी होती. अर्ज इंग्रजीत होता. त्यात मी, म्हणजे गावात ब्लाउज शिवणारी बाई, वार्षिक 12,00,000 रुपये उत्पन्नाची व्यावसायिक म्हणून दाखवले गेले होते, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता त्याच्या कार्यालयाचा होता. खात्री करून घेणारा फोन कंपनीकडून आला, तेव्हा मी एसटी स्थानकावर मुलीला घेऊन उभी होते आणि तो शेजारी उभा होता. ‘दरवर्षी 3,00,000 रुपये याप्रमाणे दहा वर्षे भरायचे आहेत, हे आपल्याला मान्य आहे का?’ हा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला होता. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने मान हलवून ‘हो म्हणा, नुसती औपचारिकता आहे’ असे खुणावले, आणि मी हो म्हणाले. तो एक होकार मला आजही झोपू देत नाही. पण न्यायालयाची तारीख तोंडावर होती, माहेरी भावाच्या सोयाबीनला भाव नव्हता, आणि समोरचा माणूस ‘मी आहे ना’ म्हणत होता. अशा वेळी फोनवरच्या परक्या आवाजाशी वाद घालायला किती जणी तयार होतील, हे मला हसणाऱ्यांनी सांगावे. कापूस मोजताना काटा मारणारा व्यापारीदेखील काटा निदान आपल्यासमोर ठेवतो.

अंतिम हुकूम झाल्यावर दुसऱ्या 4,00,000 मधून 3,50,000 रुपये त्याने दरमहा तीन टक्क्यांच्या बोलीवर घेतले, तेही स्वतःच्या नावावर नाही, पत्नीच्या बचत खात्यात. बदल्यात 500 रुपयांच्या मुद्रांक कागदावर ‘हातउसने’ असे लिहून दिले. महिना 10,500 प्रमाणे एकूण 31,500 रुपये आले आणि मग फोन बंद झाला. त्यानंतर विम्याच्या दुसऱ्या हप्त्याची मागणी आली, तेव्हा कुठे ती ठेव ठेव नव्हती हे समजले. कंपनी म्हणते, पॉलिसी नाकारण्याची 30 दिवसांची मुदत संपली, बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, दिलेल्या पत्त्यावर पोहोचला आणि होकाराचे ध्वनिमुद्रण आमच्याकडे आहे. बंद पडलेल्या पॉलिसीतून मला किती परत मिळेल, हा आकडा मात्र कंपनी लेखी द्यायला तयार नाही. पत्ता कोणाचा आहे, हे कोणी तपासत नाही.

पोलीस ठाण्यात माझ्या तक्रारीआधी माझ्या संसाराची चौकशी झाली. “नवरा का सोडला, बाई?” हा पहिला प्रश्न होता. “तुम्हीच राजीखुशीने पैसे दिले, हा दिवाणी मामला आहे” हे उत्तर होते, आणि हाती पडला तो अर्जावरचा आवक शिक्का. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगितले आहे. हे मी म्हटल्यावर अंमलदाराने “मग तिथेच जा” असे सुनावले. जिल्ह्याच्या ठिकाणी सांगण्यात आले की रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यातून कागद येऊ द्या. ठाणे म्हणते, वरून आदेश येऊ द्या. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा आहे; त्यांची नावे मला टेबलापलीकडच्या एकाही माणसाने सांगितली नाहीत, ती मी स्वतः शोधली. सर्वांत जास्त संताप येतो तो याचा की महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देणारी तालुका विधी सेवा समिती त्याच न्यायालयात आहे, आणि तिची पाटी वाचायला मला कोणी सांगितले नाही. सल्लागाराकडे मात्र बोट दाखवणारे पुष्कळ होते.

गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याकडे सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, ‘आयएनए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा, भिंतीवर टांगलेल्या चौकटीवर विसंबू नका. पत्नीच्या, मेहुण्याच्या किंवा कोणत्याही खासगी खात्यात पैसे मागितले की तिथेच उठा. पॉलिसीच्या अर्जावर पत्ता, ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच घाला. विमा कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते आणि त्याला शुल्क नाही; माझी तक्रार तिथे दाखल आहे. ‘हातउसने’ हा शब्द असलेल्या कागदावर सही करू नका, कारण पोलीस तोच शब्द तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतात.

माझ्याआधी आणखी काही बायकांनी सल्लागाराच्या पत्नीच्या याच खात्यात पैसे भरल्याचे कानावर आले आहे. त्यांनी लाज बाजूला ठेवून बँकेचा शिक्का असलेला खाते उतारा काढावा, मूळ मुद्रांक कागद कोणाच्याही हाती न देता त्याच्या झेरॉक्स प्रती जोडाव्यात आणि पोलीस अधीक्षकांकडे माझ्यासोबत एकत्र अर्ज करावा, कारण एकेकटीच्या अर्जाला दिवाणी मामला म्हणून परत पाठवणे त्यांना फार सोपे जाते.