डीएलपी की थ्री-एलसीडी? आधी पंखा कुठे आहे ते पाहा

होम थिएटरसाठी प्रोजेक्टर घ्यायला गेलं की दुकानदार आधी लुमेन (उजेडाचं माप) सांगतो, मग फोर-के, मग दिव्याचे तास. हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, म्हणून सोडून देतो. सोनी आणि जेव्हीसीची एलकॉस जातीची (प्रकाश परतवणाऱ्या एलसीडी चिपची) मशिनंही बाजूला ठेवू. त्यांच्यातला काळा रंग एकदा बघितला की घरच्या प्रोजेक्टरवर मन रमत नाही, आणि किंमत बघितली की तिथे थांबवत नाही. मग उरतात दोन : एका चिपचा डीएलपी, जो चिपवरच्या इवल्या आरशांनी चित्र पाडतो, आणि तीन पॅनेलांचा थ्री-एलसीडी, ज्यात लाल, हिरवा, निळा यांना एकेक वेगळं पॅनेल असतं. पहिला मी अकरा महिने वापरला, दुसरा तीन वर्षं वापरतोय. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत. जे सांगतोय ते सोफ्यावर बसून दिसलेलं.

चित्राचं बोलायचं तर डीएलपी जिंकतो, आणि हे मी कुरकुरत का होईना पण मान्य करतो. चिप एकच, त्यामुळे लाल-हिरवा-निळा एकमेकांवर बसवायची भानगडच नाही. अक्षरं कोरल्यासारखी दिसतात. माझ्या थ्री-एलसीडीत पांढऱ्या अक्षराच्या उजव्या कडेला लाल धागा आहे. पडद्याला नाक लावलं तर दिसतो, सोफ्यावरून नाही. कागदावरही डीएलपीच पुढे : या वर्गातली बहुतेक मशिनं 1920 गुणिले 1080 आरशांची चिप चार जागी हलवून फोर-केचे सगळे ठिपके भरतात, तर थ्री-एलसीडीवाले बहुधा दोनच जागी हलवून निम्म्यावर भागवतात. दहा-बारा फुटांवरून मला हा फरक ओळखता आलेला नाही. तुमचे डोळे तरुण असतील तर कदाचित येईल.

दिवे लावून मॅच बघणार असाल तर मात्र पारडं फिरतं. डीएलपीत एकाच चिपवर आळीपाळीने रंग पाडणारी फिरती चकती असते, ते रंगचक्र. अनेक डीएलपींच्या रंगचक्रात पांढरा भाग असतो, त्यामुळे खोक्यावरचे लुमेन पांढऱ्या रंगाचे असतात आणि मैदानाचं गवत मरगळलेलं दिसतं. थ्री-एलसीडीत पांढरा जितका उजळ, तितकेच रंगही.

रंगचक्रामुळेच ती इंद्रधनुष्याची झिळमिळ येते. काळ्यावर पांढरी श्रेयनामावली चालू असताना नजर झटकन फिरवली की मला अक्षरांमागे रंगीत शेपट्या दिसतात. बायकोला अजिबात दिसत नाहीत, ती म्हणते तुझ्या मनाचे खेळ आहेत. दुकानात डीएलपी चालवून पडद्यावर नुसता पांढरा उजेड टाकायला सांगा आणि डोळ्यांसमोर बोटं पसरून हात जोरात हलवा. बोटांच्या कडा रंगीत दिसल्या तर तुम्ही माझ्या पंगतीतले. पण खरं सांगतो, याची सवय होते. एवढ्यासाठी मी डीएलपी विकला नसता.

विकला तो पंख्यामुळे.

आमची खोली पंधरा फूट लांब, अकरा रुंद, मधोमध छताचा पंखा. आईला एसी सोसत नाही आणि पुण्याच्या मे महिन्यात पंखा बंद करायचा विचारही कुणी करू नये. शंभर इंची पडदा साधारण सव्वासात फूट रुंद होतो. माझ्या डीएलपीचा झूम अगदी तोकडा, पडदा भरायचा तर मशीन पडद्यापासून दहा फुटांच्या आसपासच हवं. पंख्याची पाती पडद्यापासून साडेनऊ फुटांपर्यंत येतात. म्हणजे प्रोजेक्टरची जागा कुठे? पात्याच्या टोकामागे जेमतेम वीतभर!

शिवाय डीएलपीचं चित्र लेन्सच्या सरळ समोर पडत नाही. टेबलावर ठेवला तर लेन्सच्या वर पडतं, उलटा टांगला तर खाली. छताला चिकटवून टांगला तेव्हा पाती थेट प्रकाशात आली आणि नटांच्या कपाळावरून वटवाघळं फडफडायला लागली. म्हणून माउंटवाल्याने अडीच फुटी दांडी लावली. सावली गेली, पण आता मशीन वाऱ्यातच लोंबकळत होतं. पंखा दोनवर असेपर्यंत ठीक, चारवर गेला की चित्र थरथरायचं. माणसांच्या चेहऱ्यांवर कळत नसे. क्रिकेटच्या स्कोअरपट्टीची खालची सरळ रेघ मात्र तारेसारखी झणझणायची, आणि एकदा दिसली की दुसरं काही दिसेना.

टीपॉयवर ठेवून पाहिला. तिथे त्याचं नाक वर करावं लागलं, मग चित्र वर रुंद, खाली अरुंद. ते कीस्टोन नावाच्या सेटिंगने सरळ करायचं म्हणजे कडेचे पिक्सेल वाया घालवायचे, आणि पडद्याबाहेर करड्या उजेडाची तिरकी चौकट उरते ती उरतेच. पाणी प्यायला उठणाऱ्याची सावली वेगळी. मागच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला तर चित्र नऊ फूट रुंद, पडदा सोडून बाजूच्या कपाटावरही सिनेमा.

थ्री-एलसीडी घेतला तो याच फळीसाठी. जमिनीपासून साडेसहा फुटांवर फळी, लेन्स पडद्याच्या वरच्या कडेच्या पातळीत. झूम आवळून चित्र पडद्याएवढं केलं, मग लेन्स शिफ्टचं चाक फिरवलं आणि मशीन जागचं न हलवता चित्र अख्खं खाली सरकून चौकटीत बसलं. कीस्टोन शून्य. पाती जमिनीपासून आठ फुटांवर, प्रकाश त्यांच्या खालून जातो. या वर्गातल्या थ्री-एलसीडीत उभ्या दिशेने चित्राच्या पन्नास-साठ टक्के उंचीइतका शिफ्ट मिळतो. काही डीएलपींतही असतो, पण मी पाहिलेल्यांत तो एवढासाच होता. तुम्हाला भरपूर शिफ्टवाला डीएलपी सापडला तर माझं निम्मं म्हणणं बाद समजा.

थ्री-एलसीडीची दुखणीही आहेत. आकाराने इडलीपात्राच्या थोरल्या भावासारखा, फळीला जाड ब्रॅकेट लागले. डोक्यामागेच असल्याने पूर्ण उजेडावर त्याचा घुर्र आवाज ऐकू येतो. (छताचा पंखा तो आवाज झाकतो, हा एक योगायोग.) धुळीचं जास्त त्रासदायक. पॅनेल गार ठेवायला बाहेरची हवा आतून फिरते, त्यामुळे जाळी दर महिन्याला साफ करावी लागते. शेजारी बांधकाम चालू होतं तेव्हा मी दोन महिने आळस केला, आणि काळ्या दृश्यात चार आण्याच्या नाण्याएवढा अस्पष्ट डाग उजळायला लागला. सर्व्हिसवाल्याने मशीन उघडून काढला. डीएलपीची चिप बहुधा बंदिस्त असते, अकरा महिन्यांत असं काही झालं नव्हतं.

आणि काळा रंग. डीएलपीपेक्षा माझ्या थ्री-एलसीडीचा काळा करडा नाही, असं मी म्हणत नाही. पण आमच्या पांढऱ्या छतावरून परतणारा उजेड दोघांनाही सारखाच धुतो, आणि छत गडद रंगवायला आईने साफ नकार दिलाय.

जुना डीएलपी नाशिकच्या आतेभावाने घेतला. त्याच्या खोलीत एसी आहे, पंखा नाही, भिंती गडद निळ्या. तिथे तो सुरेख चालतो. दिवाळीला आमच्याकडे सिनेमा बघायला बसला की पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो, "दादा, तुझा काळा जरा करडाच वाटतो रे." मी रिमोट शेजारी ठेवतो आणि पंखा पाचवर करतो.