जुनी गॅस ग्रिल पुन्हा उभी केली: कुठले पार्ट विकत घेतले, कुठले सोलापुरात करून घेतले

दिवाळीत चालू केलेली ग्रिल आषाढ उलटला तरी व्यवस्थित पेटते आहे, तेव्हा आता खात्रीने लिहायला हरकत नाही. ग्रिल अमेरिकेची, तीन बर्नरची, वर झाकण असलेली. मामेभाऊ कायमचा भारतात परतला तेव्हा सामानाबरोबर कंटेनरमधून आली आणि जुळे सोलापुरात त्याच्या गच्चीवर कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. माझ्याकडे आली तेव्हा बर्नरची भोकं एकमेकांत मिसळलेली, आतले पत्रे हात लावला की पापडासारखे मोडायचे. पण ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं अंग आणि झाकण ठणठणीत होतं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. जुनी ग्रिल दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हे मी आधी अंगाला तडा आहे का ते बघून ठरवतो. तडा नसेल तर बाकीचं सगळं बदलता येतं.

बदलताना मी एकच नियम पाळला. ज्या भागातून गॅस वाहतो तो तयार, मापाचा, विकतच घ्यायचा. जो भाग नुसता ताप सोसतो तो गावात करून घ्यायचा. या नियमाने पैसे वाचले आणि रात्री सिलिंडर बंद करून झोपताना मनात शंका राहत नाही.

आधी बर्नर. जुना बर्नर फेकू नका, कितीही सडलेला असला तरी. तो पांढऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलने बाहेरून रेघ मारा. मग चार मापं घ्या: एकूण लांबी, नळीचं तोंड मधल्या रेषेपासून किती सरकलेलं आहे ते, स्क्रूच्या भोकाची जागा आणि तोंडाचा आतला व्यास. पितळी जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून गॅस बाहेर पडतो तो तुकडा, या तोंडाच्या बरोबर मध्यावर आणि थोडं आत बसलं पाहिजे. ते तिरकं बसलं की हवा नीट ओढली जात नाही, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. ऑनलाइन 'सगळ्या ग्रिलला बसतो' म्हणून लांबी कमीजास्त करता येणारे बर्नर मिळतात. त्यातला एक मागवून पाहिला. लांबी जुळली, तोंड जुळलं नाही, परत केला. शेवटी मॉडेल नंबरवरून त्याच मापाचे स्टेनलेस नळीचे बर्नर मामेभावाच्या मित्राने येताना आणले. ते घातल्यापासून तिन्ही ज्योती निळ्या, टोकाला किंचित पिवळ्या. एक बर्नर पेटवला की शेजारचा आपोआप पकडतो, कारण मधली जोडपट्टी मूळ मापाची आहे. इथे फट वाढली तर शेजारचा बर्नर पेटण्याआधी झाकणाखाली गॅस साठतो आणि भडका उडतो. म्हणून या पट्टीत तडजोड नको.

आता पत्रे, म्हणजे बर्नरच्या वर बसणारे उलट्या व्हीच्या आकाराचे झाकणपत्रे. चरबी थेट ज्योतीवर पडू नये आणि ताप सगळीकडे पसरावा, हे त्यांचं काम. वेबर या अमेरिकी ग्रिल कंपनीने १९८५ साली जेनेसिस ग्रिलमध्ये असे तिरपे पत्रे आणले. त्याआधीच्या ग्रिलमध्ये बर्नरवर लाव्हाचे खडे पसरत. 'मग आपला काळा दगड पण लाव्हाच की, खडी टाका,' असं मला एकाने सुचवलं. दगड लाव्हाचाच, पण ग्रिलमधले खडे सच्छिद्र आणि हलके असतात. आपली खडी घट्ट असते, तिच्या बारीक भेगांत ओल राहिली तर तापल्यावर कपचे उडतात. हा प्रयोग कुणी करू नये.

पत्रे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे केले. त्याचा पहिलाच प्रश्न, "मालक, २०२ घालू का ३०४?" या स्टेनलेस स्टीलच्या दोन जाती. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण दोन्हीला तो चिकटत नाही. चुंबक फक्त ४३० ही तिसरी जात ओळखायला उपयोगी, तिला तो चिकटतो. त्याने कपाटातून पत्रा तपासायच्या द्रावाची एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी काढली. पत्र्याचा कोपरा पुसून त्यावर एक थेंब टाकला, बॅटरीचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं थेंबाला लावलं. एका पत्र्यावरचा थेंब लालसर झाला, तो २०२. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. दुसऱ्यावर लाली आली नाही, तो ३०४. दुकानदार देईल तो पत्रा डोळे झाकून घेण्यापेक्षा हा अर्धा मिनिट फार मोलाचा आहे.

मी मुद्दाम दोन पत्रे ३०४चे आणि एक २०२चा करून घेतला, तिन्ही १६ गेज. प्रत्येकाचं वजन किलोभर भरलं. आज तिन्ही बाहेर काढून शेजारी ठेवले आहेत. ३०४चे निळेतांबूस झालेत, पण सरळ आहेत आणि घासले की पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. २०२च्या घडीवर, जिथे चरबी आणि मिठाचं पाणी साचतं तिथे, तांबडे ठिपके आलेत. नख फिरवलं की खडबडीत लागतं, एक टोकही उचललं गेलंय. अजून एक हिवाळा निघेल त्यावर, पण पुढचा पत्रा ३०४चाच करणार. किलोमागे जो फरक पडतो तो तीन किलोत असा कितीसा होणार?

एक गोष्ट कळकळीने सांगतो: जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा आत वापरू देऊ नका. स्वस्त पडतो म्हणून सहज सुचवला जातो. त्यावरचा जस्ताचा थर ४१९ अंशांना वितळतो, आणि थेट ज्योतीवर त्याचा धूर निघू शकतो. त्याच्यावर आपण मुलांसाठी कणसं भाजणार असतो. जुन्या फ्रिजच्या जाळ्याही त्याच कारणाने नकोत, त्यांच्यावर कसला मुलामा आहे हे आपल्याला माहीत नसतं.

अन्न भाजायला ठेवायची जाळीही तिथेच केली, ८ मिलिमीटरच्या ३०४ सळ्यांची, आर्गॉन वेल्डिंगने. वेल्डिंगची तार ३०८ची घ्यायला सांगा, नाहीतर सांध्यावरच गंज धरतो. मूळ जाळी बिडाची होती. बीड ताप धरून ठेवतं, चिकनवर काळ्या रेघा सुंदर उमटतात, हे खरं. सळ्यांवर तेवढ्या उमटत नाहीत. पण बिडाला प्रत्येक वेळी तेलाचा हात हवा, पावसाळ्यात तर हवाच. वांगी, कणसं, पनीर, तंगडी हे सगळं सळ्यांवर छान होतं. घासायला मी नारळाची शेंडी वापरतो. तारेच्या ब्रशची तुटलेली तार जाळीला चिकटून अन्नात जाऊ शकते.

गॅसची जोडणी हा सगळ्यांना अवघड वाटणारा भाग, पण दाबाचं गणित आपल्या बाजूचं आहे. अमेरिकी प्रोपेन ग्रिल ११ इंच पाण्याच्या दाबावर चालते, म्हणजे सुमारे २७ मिलिबार. आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारचा. त्यामुळे जेट बदलावे लागले नाहीत. आपल्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो, म्हणून बर्नरच्या तोंडाशी असलेली हवेची पट्टी थोडी जास्त उघडावी लागली, एवढंच. अडचण होती ती बसण्याची. मूळ रेग्युलेटरचा मोठा नट आपल्या सिलिंडरच्या वॉल्व्हवर बसत नाही. ग्रिलच्या बाजूला तीन सुताचं फ्लेअर फिटिंग होतं. त्यावर बसणारा नट शेगडीच्या दुकानात मिळाला नाही. मिळाला एसी-फ्रिज दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे, कारण तांब्याच्या पाइपला तोच नट लागतो. शेगडी दुरुस्त करणाऱ्या काकांनी त्याला पितळी नोझल जोडून दिलं. पुढे केशरी सुरक्षा नळी, दोन्ही टोकांना क्लिप. या नळीची मुदत पाच वर्षं असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. नंतर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघितलं. सिलिंडर बदलला की आजही बघतो.

भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी लावू नका. ग्रिलचे कॉक त्या दाबासाठी नसतातच. आणि तुमची ग्रिल नॅचरल गॅसची असेल तर सगळंच बदलतं. तिचा दाब कमी असतो, म्हणून जेटची भोकं मोठी असतात. त्या भोकांतून एलपीजी सोडला तर ज्योत हाताबाहेर जाते. आत कुठेतरी लावलेल्या धातूच्या पट्टीवर गॅसचा प्रकार लिहिलेला असतो, पहिल्यांदा तो वाचा.

बाकीचं थोडक्यात. ठिणगीचं बटण आपल्या ऑटो शेगडीचं बसलं. चाकं ट्रॉलीची घातली. बाहेरून मोटरसायकलच्या सायलेन्सरचा काळा रंग मारला, तो मे महिन्यातही टिकला. आतून रंग मारायचा नाही.

आणि वापरातली एक अडचण, जी कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसली नाही. उन्हाळ्यात ग्रिल थोडे दिवस बंद होती. पुन्हा पेटवली तर मधला बर्नर फुरफुरायला लागला आणि ज्योत पिवळी. लगेच बंद करून काढला. कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात मातीचं घर बांधलं होतं, घट्ट, बोटाएवढं. अशी नळी बुजली की गॅस पुढे जात नाही, मागे जेटपाशीच पेटतो आणि नॉबपर्यंत आग येते. आता तिन्ही तोंडांवर बारीक स्टेनलेस जाळी बांधली आहे. हवा येते, माशी आत शिरत नाही. जाळीवर धूळ बसते, ती महिन्यातून एकदा दात घासायच्या जुन्या ब्रशने झटकतो. आपल्याकडे धूळ आणि वारा दोन्ही भरपूर, त्यामुळे हे काम टाळून चालत नाही.

तिन्ही बर्नर पूर्ण लावले तर या ग्रिलला तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस लागतो. गॅसचा प्रकार लिहिलेल्या त्याच पट्टीवर ३६,००० बीटीयू (तासाला मिळणाऱ्या उष्णतेचं माप) लिहिलंय, त्यावरून हिशेब काढला. प्रत्यक्षात दहा मिनिटं झाकण लावून तापवलं की मधला बंद करून कडेच्या दोनवर काम होतं, भरताची वांगी तर एकावर. मागचा उजवा कोपरा अजून जास्त तापतो, तिथे मी कणसं ठेवतो. दिवाळीपूर्वी २०२चा पत्रा बदलीन आणि त्याच फेरीत चरबी गोळा होणारा खालचा ट्रेही ३०४चा करून घेईन. सध्याचा साध्या पत्र्याचा आहे आणि प्रत्येक वापरानंतर तो रिकामा केल्याशिवाय झाकण लावत नाही.