कापडी कासव वर्गात ठेवून वर्ष झालं, त्याचा रिव्ह्यू

दुसरीचा वर्ग आहे माझा. पोरांना वर्गात प्राणी पाळायचाच होता, पण एकाला दमा, दोघींना प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी आणि सुट्टीत त्याला खायला कोण घालणार, हे सगळं होतंच. मग म्हणाले बाई कासव पाळू, त्याला केस नसतात. पण ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि या वयात हात सारखे तोंडात. अमेरिकेत तर याच कारणाने १९७५ पासून चार इंचांपेक्षा छोटी कासवं पाळायला विकायलाच बंदी आहे. म्हणून कापडी कासव आणलं.

त्याआधी एक मोठं लांब केसांचं अस्वल घेतलं होतं, ते फुकट गेलं. डोळे प्लॅस्टिकच्या बटणांचे, दुसऱ्याच आठवड्यात एक निघून एका मुलाच्या मुठीत सापडला, आणि पहिल्याच धुण्यात केसांच्या जटा झाल्या. कासवाचे डोळे भरतकामाचे आहेत, केस आखूड आणि पोटात प्लॅस्टिकचे बारीक दाणे, त्यामुळे बाकावर नीट बसतं, लोळत नाही. घेताना हेच बघा, चेहरा गोड आहे का ते नंतर.

नाव मतदानाने ठरलं, ढब्बू. 'वादळ' थोड्या मतांनी हरलं आणि त्या गटाचे चेहरे इतके पडले की ते आडनाव केलं, ढब्बू वादळे.

आता खरं सांगायचं ते. वर्गात एक मुलगी आहे, माझ्यासमोर वाचायची तर जोडाक्षर आलं की शब्दच गाळून पुढे जायची, मी कितीही हळू घेतलं तरी. ढब्बूला मांडीवर घेऊन कोपऱ्यात वाचायला लागली तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसले होते, आणि ऐकू आलं, "थांब हं, परत वाचते." तिने तो शब्द तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा बरोबर आला. मला एवढ्यासाठी पैसे वसूल वाटले.

शुक्रवारी ढब्बू पिशवीत डायरीसकट एकाच्या घरी जातो, हजेरीच्या नंबराने, म्हणजे भांडण नाही. सुरुवातीला पालकच डायरी लिहायला लागले, फोटो काय, फिरायला काय नेलं, आणि ज्यांना जमत नाही ती मुलं गप्प व्हायला लागली. मग नियम केला, तीनच ओळी, मुलानेच लिहायच्या, एक चित्र, काही विकत आणायचं नाही. त्यानंतर एकाने लिहिलं, आजीला रात्री औषध द्यायचं होतं म्हणून मी आणि ढब्बू जागे होतो.

धुणं हे मात्र काम आहे. दर पंधरा दिवसांनी उशीच्या अभ्र्यात बांधून गार पाण्यात, जंटल सायकल, सावलीत वाळवणं. दाण्यांचा भाग वाळायला दोन दिवस लागतात, ओलसर राहिला तर वास येतो, म्हणून ज्याच्या घरी जातो त्यांना शनिवारी सकाळीच धुवायला सांगते. धुळीतले माइट्स, म्हणजे ॲलर्जी करणारे अगदी बारीक किडे, मरायला ६० अंशाचं पाणी लागतं, पण लेबलवर गार पाणीच लिहिलंय, म्हणून आधी पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग धुवायला देते. उवा झाल्या वर्गात तेव्हा पिशवीत बंद करून ठेवला, डोक्यावरून उतरलेली ऊ दोनेक दिवसांवर जगत नाही.

शेपटीची शिलाई उसवली हा दोष, त्याचा एक मार्क कापते, पाचपैकी चार. मी वर्गातच शिवली आणि सगळी पोरं श्वास रोखून बघत होती. सेम टू सेम दुसरा घेऊन ठेवा असं बरेच जण सांगतात, मला नाही पटत, मुलांना प्रत्येक टाका पाठ असतो आणि त्यांना फसवायचं कशाला.

तिसरीत ढब्बू त्यांच्याबरोबर जाणार की माझ्याकडे नव्या मुलांसाठी राहणार यावर आज मतदान घेतलंय, चिठ्ठ्या उद्या मोजायच्या आहेत.