फुकटचा फॉन्ट मी दोनदा विकत घेतला

एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका करत होतो. पानोपानी कोडचे नमुने, त्यामुळे मोनोस्पेस फॉन्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा, हवाच होता. एका विक्रेत्याकडे हवा तसा मिळाला: शून्याच्या पोटात ठिपका, एक आणि एल चटकन वेगळे ओळखू येणारे. नाव कधी न ऐकलेलं, नमुन्याची पानं मात्र देखणी. 'कमर्शियल लायसन्स'चे पैसे भरले आणि ते क्लायंटच्या बिलात लावले.

दोन महिन्यांनी विक्रेत्याचा मेल. तुमचं लायसन्स फक्त छपाईचं, वेबसाइटवरही तोच फॉन्ट दिसतोय, वेब लायसन्स घ्या नाहीतर नोटीस पाठवू. क्लायंटसमोर शोभा नको म्हणून मुकाट्याने पुन्हा पैसे भरले. काय घेतोय ते तेव्हाही वाचलं नाही.

बिंग फोडलं क्लायंटच्या प्रोग्रामरने. "अहो, हा तर सोर्स कोड प्रो! मी रोज यातच कोड लिहितो." मी हसण्यावारी नेलं, तर त्याने दोन्ही फाइली फॉन्ट एडिटरमध्ये उघडून अक्षरं एकावर एक ठेवली. एक बिंदूसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. फॉन्टच्या फाइलीत 'नेम टेबल' असतं. त्यात फॉन्टचं नाव बदललेलं होतं, पण १३ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे लायसन्सच्या जागी, 'एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती १.१' तसंच राहिलं होतं. दारावरची पाटी बदलली, कपाटातली कागदपत्रं विसरले!

सोर्स कोड प्रो अडोबीने २०१२ मध्ये खुला केला. छपाई, वेबसाइट, लोगो, अ‍ॅप, कशातही वापरा, पैसे नाहीत. त्याच्यासोबतचं ओएफएल, म्हणजे तेच ओपन फॉन्ट लायसन्स, मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. वकिली भाषा आहे, पण मजकूर आटोपशीर. त्यातली पहिलीच अट: फॉन्ट, मूळ असो वा बदललेला, नुसता विकता येत नाही. सॉफ्टवेअरसोबत देऊन ते विकता येतं, पण तेव्हाही कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर बरोबर द्यावा लागतो, आणि फॉन्ट दुसऱ्या कुठल्याही लायसन्सखाली वाटता येत नाही. म्हणजे मला विकलेलं ते 'कमर्शियल लायसन्स' मुळात असूच शकत नव्हतं. गंमत अशी की नाव बदलण्यात काही गैर नाही. फॉन्टमध्ये फेरफार केले तर 'सोर्स' हे राखीव नाव काढावंच लागतं. मी विक्रेत्याला आधी त्याच मुद्द्यावर धरायला निघालो होतो, बरं झालं वाचून घेतलं.

विक्रेत्याचं उत्तर आलं: "पैसे फॉन्टचे नव्हते, सहाय्याचे होते." दोन्ही पावत्यांवर स्वच्छ 'फॉन्ट लायसन्स' लिहिलंय. पावत्यांचे फोटो पाठवले, त्यानंतर सगळं शांत.

आता कुठलाही फॉन्ट विकत घेण्याआधी मी त्याची नमुना-फाइल मागतो आणि नेम टेबलमधल्या ०, १३ आणि १४ या नोंदी बघतो: कॉपीराइट, लायसन्स आणि लायसन्सचा वेब-पत्ता. तिन्ही कोऱ्या असतील तर जास्तच संशय येतो, कारण मी पाहिलेल्या चांगल्या फॉन्टांत त्या सहसा भरलेल्या असतात. नुसतं 'फ्री' लिहिलेलं असेल तरी थांबतो. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' म्हणजे खुला फॉन्ट नव्हे, तिथे क्लायंटच्या कामाचे पैसे खरोखरच द्यावे लागतात.

क्लायंटच्या बिलात लावलेले पैसे मी पदरचे परत केले. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत फॉन्ट तोच आहे, मूळ नावाने, आणि फोल्डरमध्ये शेजारी लायसन्सची फाइल.